अर्धा लिटर

पत्र मार्चमध्ये आलं : तूर्तास पुढे ढकलत आहोत.
'तूर्तास' मी ओसलाला दोनदा वाचून दाखवला.
ती विणत होती. टाके मोजता मोजता म्हणाली,
"तुझ्या गाठीला वाचता येतं का?"

मग ॲबर्डीनहून फोन. डॉक्टर कधी पाहिला नाही,
आवाज तेवढा ओळखीचा झाला,
आणि त्याच्यामागे त्याच्या घरातलं रडणारं मूल.
म्हणाला, लॉरी, तुझा आजार चालतो,
हा दुसरा धावतो. धावणाऱ्याला आधी धरू दे.
तोवर इंजेक्शन, तीन महिन्यांनी एक.

हे मला कळतं. माझ्याकडे सतरा मेंढ्या आहेत.
कुठली आज विणार, कुठली आठवडाभर थांबेल, दिसतं.
पण थांबणारीकडेही
रात्री बॅटरी घेऊन एकदा जावंच लागतं.

इंजेक्शन दवाखान्यात नाही, त्याच्या पार्किंगमध्ये.
गाडीतच बसायचं. काच खाली, स्वेटर वर.
अवघड जागेचं दुखणं, आणि सुई घेऊन उभी कोण,
तर इंगा.
अकरा वर्षं जिला मी शाळेच्या बसने नेलं-आणलं.
वाऱ्याने प्लॅस्टिकचा एप्रन उडून तिच्याच तोंडावर बसला.
"हलायचं नाही," ती म्हणाली,
अगदी मी आरशातून ओरडायचो तशी.

त्यानंतर दाढी सावकाश वाढायला लागली.
रडू लवकर यायला लागलं,
एकदा तर हवामानाच्या बातम्यांना.
आणि अंगात भट्टी पेटायची, कुठेही, कधीही.
ओसला म्हणाली, "ये. या रस्त्याने मी जाऊन आलेय.
खिडकी उघडी ठेवून झोपायचं."

पलीकडच्या खाडीवरचा गिबी
रात्री चारदा उठायचा. कंबर धरून चालायचा.
कुंपणाच्या अलीकडून मी म्हटलं, फोन कर.
"या दिवसांत कुठे त्यांना त्रास द्यायचा?
हे निवळू दे, मग करतो."

जूनमध्ये बोलावलं. वीसच्या जागी पाचच वेळा किरण,
दर खेपेला मात्रा मोठी.
लर्विकच्या धक्क्यावर ओसलाला फाटकाबाहेर थांबवलं.
आत एका पोराने माझ्या कपाळावर बंदूक रोखली
आणि नेमकी तेव्हाच भट्टी पेटली.
"आजोबा, ताप आहे."
मागे रांगेत निम्मं गाव.
ताप नाही रे बाबा, म्हटलं मास्कमधून, मोठ्याने,
बायकांना पन्नाशीत येतं ते मला सत्तरीत आलंय.
पोराचे कान लाल झाले.
"दहा मिनिटं वाऱ्यात उभे राहा."
जन्मभर ज्या वाऱ्याला शिव्या घातल्या
त्याने मला मुकाट्याने छत्तिसावर आणून सोडलं.

ॲबर्डीनमध्ये काम एकच :
अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि धरून ठेवायचं.
मूत्राशय भरलेलं असलं की आतडी वर सरकतात,
किरण जिथे हवेत तिथे पडतात.
पण दर माणसामागे यंत्र पुसायचं, खोलीची हवा बदलायची;
वीस मिनिटांची चाळीस होतात.
एकाआड एक खुर्चीला पट्टी लावलेली,
आम्ही तिघं मांडीवर मांडी टाकून, भिंतीकडे बघत.
पीटरहेडचा एक कोळी शेवटी म्हणाला,
"चाळीस वर्षं समुद्रावर काढली,
आणि बुडणार इथे."
हसायची सोय नव्हती. हसणं तिघांनाही परवडणारं नव्हतं.

पाचव्यांदा झाल्यावर रात्रभर बोटीत.
उजेड काही मावळला नाही.
कमरेवरचे तीन निळे ठिपके बघत पडून राहिलो,
टाके मोजावेत तसे.

धक्क्यावर ओसला गाडी घेऊन आलेली.
बराच वेळ गिअर बदलत राहिली.
"गिबीला काल रात्री विमानाने नेलं.
पाय हलेनात. हाडांत गेलंय म्हणतात."
"त्याची मेंढरं?"
"सकाळी मी आत घेतली."

टेकडी चढल्यावर म्हटलं, थांबव जरा.
काच पूर्ण खाली केली, तोंड वाऱ्यात धरलं.
भट्टी आहे का,
असं तिने विचारलं नाही.